भट्टी बदलणार, पण बिल कुणाच्या नावावर?

कॅन्टीनमध्ये मिसळीबरोबर दोन पाव जास्तीचे मागताना ते कशावर भाजले गेले, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मुंबईतल्या बऱ्याच जुन्या बेकऱ्यांमध्ये त्याचं उत्तर सोपं आहे: लाकडावर. आणि लाकूड म्हणजे जंगलातून तोडून आणलेले ओंडकेच असं नाही. पाडलेल्या चाळींच्या तुळया, मोडलेली कपाटं, पॅकिंगची खोकी, प्लायवूडचे तुकडे. भंगारात मिळतं ते, कारण ते स्वस्त पडतं. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ने शहरातल्या दोनशेच्या आसपास बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालतात असं दिसलं.

9 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने या भट्ट्यांना मुदत घालून दिली. शहराच्या हवेबद्दल न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेतला हा आदेश. लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांनी गॅस किंवा इतर हरित इंधनावर यायचं, तेही सहा महिन्यांत. नवं लायसन्स हवं असेल तर ही अट आधीच मान्य करायची. पालिकेच्या नोटिसा निघाल्या, बेकरीवाल्यांच्या संघटना ‘पाव महागणार’ म्हणाल्या, सोशल मीडियावर दोन दिवस वडापावचे मीम फिरले आणि विषय संपला.

खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा होता.

आदेश चूक होता असं आमचं अजिबात म्हणणं नाही. रंग, पॉलिश, गोंद लागलेलं लाकूड जाळलं की त्यातून काय काय बाहेर पडतं, हे केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको. पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉनहून बारीक कण, ते थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्याकडची मर्यादा 40 आहे, आणि ती पाळतानाही आपल्या शहरांची दमछाक होते. शिवाय भट्टीचा धूर सगळ्यांत आधी कुणाच्या छातीत जातो? रात्रभर तिच्या तोंडाशी उभं राहून लाद्या आतबाहेर करणाऱ्या कामगाराच्या. म्हणजे भट्टी बदलण्यात पहिला फायदा त्याचाच आहे. फक्त तो फायदा घ्यायला त्याची नोकरी शिल्लक राहिली पाहिजे, एवढंच.

आता जरा बेकरीच्या आत जाऊ. विटांची जुनी भट्टी एकदा तापली की तासन् तास धग धरते, म्हणून कमी पैशांत ढिगाने पाव निघतो. तिच्यात गॅसचा बर्नर बसवायचा किंवा ती पाडून नवा ओव्हन घ्यायचा, दोन्हीला एकरकमी पैसा लागतो. पाइपचा गॅस हवा तर गल्लीपर्यंत लाइन आली पाहिजे, त्यासाठी रस्ता खोदायची परवानगी पाहिजे. सिलिंडर ठेवायचे तर सुरक्षेच्या नियमांत बसणारी जागा पाहिजे. इलेक्ट्रिक ओव्हन घ्यायचा तर वाढीव लोड मंजूर झाला पाहिजे, वर कमर्शियल दराचं बिल. जागा पागडीची असेल तर घरमालकाची मनधरणी वेगळीच. यातल्या निम्म्या गोष्टी बेकरीवाल्याच्या हातातच नाहीत, घड्याळ मात्र एकट्या त्याच्यासाठी लावलेलं.

‘सरकारी योजना आहेत की!’ असं म्हणणारे असतातच. आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 पासून केंद्राची योजना आहे, त्यात खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. कर्ज म्हटलं की कागद आले. मोठ्या ब्रँडच्या ब्रेडवाल्यांना कागदांची अडचण नसते आणि त्यांच्याकडे लाकडाची भट्टीही नसते. म्हणजे मुदत संपल्यावर कोण टिकणार आणि कोण शटर ओढणार, याचा अंदाज तुम्हीच बांधा. कामगारांचं तर बोलायलाच नको. त्यातले अनेक जण परराज्यातून आलेले, बेकरीतच झोपणारे. शटर पडलं की नोकरी आणि निवारा एकाच दिवशी जातो, आणि नुकसानभरपाई मागायला नावावर एक कागद नसतो.

हे आपल्याकडे पहिल्यांदा होत नाहीये. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले 168 घातक कारखाने शहरातून हलवायला किंवा बंद करायला लावले. कामगारांच्या भरपाईचा उल्लेख आदेशात होता, पण प्रत्यक्षात ती पदरात पाडून घेताना कामगारांचे हाल झाले. पुढे बसगाड्या सीएनजीवर आणायचा निर्णय झाला. दिल्लीची हवा त्याने सुधारली, हे मान्यच. पण सुरुवातीला पंपच पुरेसे नव्हते आणि रिक्षावाले तासन् तास रांगेत ताटकळले. धंद्याचे ते तास कुणी भरून दिले नाहीत.

दुसरा प्रश्न पर्यावरणाचाच आहे, आणि तो कुणी विचारताना दिसत नाही. बेकऱ्यांनी भंगार लाकूड घेणं बंद केलं, की ते जाणार कुठे? मुंबईत रिडेव्हलपमेंट थांबलेलं नाही, रोज कुठेतरी जुनी खिडकी-दारं उखडली जातायत. हे लाकूड डम्पिंग ग्राउंडवर गेलं किंवा रात्री एखाद्या मोकळ्या प्लॉटवर पेटवलं गेलं, तर धुराचा फक्त पत्ता बदलेल. भट्टीला निदान चिमणी तरी होती. लाकडाचं काय करायचं हे ठरवणं हा भट्टी बदलण्याच्याच योजनेचा भाग आहे.

आणि हो, पैशांचं रडगाणं पटत नाही. शुद्ध हवेसाठी 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने 2024 मध्ये त्याच्या खर्चाचा हिशोब मांडला, तेव्हा 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेल्याचं निघालं. जैवइंधन जाळणं थांबवण्यासाठी सुमारे साडेचौदा टक्के. पाण्याचे फवारे उडवणारी गाडी फोटोत छान दिसते, भट्टीतला बर्नर दिसत नाही. (त्या फवाऱ्याला पाणी कुठलं वापरतात, हेही कधीतरी विचारा.) या निधीतून छोट्या बेकऱ्यांना बर्नरसाठी थेट मदत द्या, बँकेच्या दाराशी न पाठवता. गॅसची लाइन पोचली नसेल त्या गल्लीची मुदत लाइन पोचल्यापासून मोजा. आणि कामगारांची यादी आधी करा, भट्टी नंतर पाडा. आमची मागणी एवढीच आहे.

आपल्या वाट्याला काय? पाव रुपया-दोन रुपयांनी महागला तर कुरकुर न करता देणं, हे एक. वूड-फायर्ड पिझ्झ्याला चारशे-पाचशे रुपये मोजून त्याची स्टोरी टाकणाऱ्यांनी तरी पाववाल्याशी घासाघीस करू नये. दुसरं म्हणजे एन्व्हायर्नमेंटल स्टडीजचा प्रोजेक्ट सगळ्यांनाच करायचा असतो. ओझोनच्या थराची चित्रं डाउनलोड करून चिकटवण्यापेक्षा यंदा आपल्या वॉर्डातल्या बेकऱ्या मोजा. किती बदलल्या, किती बंद पडल्या, खर्च कुणी केला, जुनं लाकूड आता कुठे जातं, हे लिहून काढा आणि त्याची एक प्रत वॉर्ड ऑफिसला द्या, पोच घेऊन. माहिती विचारताना फक्त गल्ल्यावरच्या शेटला गाठू नका, भट्टीवरच्या माणसाशीही बोला. तो दुपारी झोपलेला असतो, म्हणून रात्री जा.