भोपाळची मातीची भिंत आणि धामणगावची

भोपाळच्या श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा सुमारे २०० एकरांचा परिसर आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशातील आदिवासी व ग्रामीण समाजांची घरे तेथे उघड्या आकाशाखाली उभी केली. आणि ती त्या त्या समाजातील माणसांना बोलावून त्यांच्याच हातांनी बांधवून घेतली. आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन उघडले, तेव्हा कारखानदारीच्या लाटेत नाहीशी होणारी जुनी घरे उचलून आणून वाचविणे हा त्यांचा हेतू होता. भोपाळने घराबरोबर ते बांधणाऱ्यालाही मान दिला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

परंतु तीच मातीची भिंत बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथे उभी असली, की शासनाची दृष्टी पालटते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत कच्ची भिंत व कच्चे छप्पर ही वंचिततेची खूण मानली गेली आणि २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेची पात्रता तिच्यावरच बेतली गेली. एकच भिंत भोपाळला संस्कृती ठरते आणि मोताळा तालुक्यात दारिद्र्य!

यात गणनेची चूक आहे असे मात्र नव्हे. या भागातील धाब्याचे घर उन्हाळ्यात गार असते, हे खरे. पण तुळया, त्यांवर काटक्या, त्यांवर मातीचा थर आणि वर पांढरी माती असे हे छप्पर दरवर्षी मृगापूर्वी दुरुस्त करावे लागते. माती वाहायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात. संग्रहालयात हीच डागडुजी पगारी कामगार करतात. खेड्यात तिची मजुरी कोणी मोजत नाही. शिवाय गावठाणाला ज्या मातीवरून ‘पांढरी’ म्हणतात, त्या पांढरीत सर्वांना जागा नव्हती. गावकुसाबाहेरच्या झोपडीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाने सिमेंटच्या भिंतीचा आग्रह धरला, तर त्याला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग प्रश्न उरतो तो निवडीचा. योजनेने मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविले. या रकमेचा मोठा वाटा सिमेंट व लोखंड यांच्या रूपाने गावाबाहेर जातो, आणि वैशाखात तापणारे पत्रे किंवा स्लॅब गरिबाच्या डोक्यावर राहतात. गावातला सुतार व मातीकाम जाणणारा गवंडी यांच्या हाताला त्यातून फारसे काम मिळत नाही. सुधारित मातीच्या भिंतीला, गार राहणाऱ्या छपराला तांत्रिक मान्यता, कारागिराला योग्य मजुरी आणि देखभालीसाठी साहाय्य मिळाले, तर पक्के घर आणि मातीचे घर हा विरोधच उरणार नाही.

सेवाग्रामची मातीची कुटी १९३६ पासून टिकून आहे, कारण तिची निगा राखणारी संस्था तिच्या पाठीशी आहे. धामणगावच्या शेतमजुराच्या पाठीशी अशी कोणती संस्था आहे? परंपरा जतन करावयाची, तर तिचा खर्च समाजाने उचलला पाहिजे. तो गरिबाच्या पाठीवर टाकून वर तिचे कौतुक करणे, हा न्याय नव्हे.