संगणकाचा तास कॉलेजच्या आधीच हवा



2025-26 पासून अकरावीचे प्रवेश महाराष्ट्रभर ऑनलाइन झाले. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षा 2019 पासून संगणकावरच द्याव्या लागतात. म्हणजे कॉलेजची पायरी चढण्याआधीच विद्यार्थ्याला संगणक हाताळता यायला हवा, हे शासनाने गृहीत धरले आहे. मग तो शिकवायचा कोणी? शहरातल्या सुशिक्षित घरात हा प्रश्नच पडत नाही. आदिवासी पाड्यांवर आणि ऊसतोड मजुरांच्या वस्त्यांवर मात्र त्याचे उत्तर शाळेनेच द्यायला हवे, आणि आज ते मिळत नाही.

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात मी विज्ञान शिकवत होते. बारावीच्या मुलांना सीईटीच्या सरावासाठी तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रात नेले होते. भौतिकशास्त्रात वर्गात पहिली येणारी मुलगी तिथे माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवत होती. पडद्यावरचा बाण हलेना, तशी तिची पकड आणखी घट्ट झाली. उदाहरणे तिने कच्च्या कागदावर झरझर सोडवली होती, पण उत्तर नोंदवून पुढच्या प्रश्नावर कसे जायचे हेच तिला कळत नव्हते. भौतिक-रसायन-गणित गटाच्या सीईटीत 150 प्रश्नांना 180 मिनिटे असतात. त्यातली बरीचशी माउसशी झगडण्यात गेली, तर पर्सेंटाइल घसरतो आणि सगळे म्हणतात, पोरीचा विषय कच्चा होता.

मुलींच्या शिक्षणासाठी शासनाने 2024-25 पासून मोठे पाऊल उचलले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करते. पण फी माफ झालेली मुलगी पहिल्या सत्रात प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकाला बसते, तेव्हा शेजारची विद्यार्थिनी आठवीपासून कोडिंगच्या क्लासला गेलेली असते आणि हिला फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नसते. ही दरी शुल्कमाफीने बुजत नाही. पहिल्याच सत्रात विषय राहिले की ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी गाठ मनात बसते, आणि ती सुटायला फार वेळ लागतो.

यावर हमखास ऐकू येते, ‘आता घरोघरी मोबाइल आहे, मुले आपोआप शिकतात.’ ग्रामीण भारताची पाहणी करणारा 2024 चा ‘असर’ अहवाल पाहा. 14 ते 16 वयोगटातील 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले 57 टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. स्वतःचा फोन असण्यातही मुली मुलांच्या मागेच आहेत. बोटाने व्हिडिओ सरकवता येणे वेगळे आणि तक्ता मांडणे, आलेख काढणे, मराठीत टंकलेखन करणे, छोटासा प्रोग्राम लिहून त्यातली चूक शोधणे वेगळे. ही कौशल्ये शिकवावीच लागतात.

पैसा खर्च झाला नाही, असेही नाही. शाळांमधील माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना 2004 मध्ये आली. आपल्याकडे तिच्यातून संगणक कक्ष उभे राहिले, पण यंत्रे आणि शिक्षक दोन्ही ठेक्यावर. पाच वर्षांची मुदत संपली की शिक्षक घरी आणि कक्षाला कुलूप. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते, तिथेही नीट शिकवणारा माणूस नसेल तर थ्रीडी प्रिंटर पाहुण्यांना दाखवण्यापुरताच उरतो.

केरळने 2001 पासून दुसरी वाट धरली. नियमित शिक्षकांनाच संगणकाचे प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर वापरून परवान्यांचा खर्च वाचवला आणि दहावीच्या परीक्षेत या विषयाला स्थान दिले. परीक्षेत विषय आला की वेळापत्रकात तास येतो आणि कुलूप निघते. आपल्याच शिरूर तालुक्यातल्या पाबळचे उदाहरणही समोर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकतात, आणि शिकवायला गावातलेच कसबी लोक असतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला उभ्या राहिलेल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकचालित यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक याच पाबळमध्ये आहे. खेड्यातल्या मुलांना तंत्रज्ञान झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावे.

‘आधी वाचन आणि गणित तरी येऊ द्या,’ हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच संगणकाचा तास या विषयांच्या विरोधात उभा करू नये. गावातल्या पावसाची रोजची नोंद तक्त्यात भरून सरासरी काढणारी मुले गणितच शिकत असतात.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. आश्रमशाळा, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमध्ये आठवी ते दहावीला आठवड्यातून एक जोडतासिका संगणकाची हवी आणि तिची गुणांसह प्रात्यक्षिक परीक्षा हवी. त्यासाठी कायम शिक्षक हवा. प्रत्येक शाळेला पद देणे परवडत नसेल, तर जवळच्या तीन-चार शाळांमध्ये मिळून एक द्यावे. बारावीच्या मुलांना सीईटीपूर्वी खऱ्या संगणकावर पुरेसा सराव मिळावा. आणि बारावीनंतर कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा या मुलांसाठी निवासी वर्गांना खुल्या कराव्यात. शिकवायला मनुष्यबळ आहेच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास समाजकार्य करायचे असते, त्यातले काही तास इथे देता येतील. मुलींच्या राहण्याची सुरक्षित सोय मात्र आधी व्हावी, नाहीतर पालक त्यांना पाठवणार नाहीत.

प्रवेश आणि परीक्षा संगणकावर नेण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हाच संगणक शिकवण्याचे दायित्वही शासनाकडे आले. पुढच्या अर्थसंकल्पात या शिक्षकांच्या पदांसाठी स्वतंत्र तरतूद करून ते पार पाडावे. आमदारांनीही आपल्या मतदारसंघातले किती संगणक कक्ष बंद आहेत, याची माहिती मागवून विधिमंडळात जाब विचारावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जव्हार (जि. पालघर)