सातवीतले अडखळणे

पहिलीतले मूल अडखळत वाचू लागले की घरादाराला त्याचे कौतुक वाटते. तेच अडखळणे सातवीपर्यंत टिकले, तर वडीलधाऱ्यांना त्याची लाज वाटू लागते आणि मुलाला त्याहूनही अधिक वाटते. मग ते मूल वाचन टाळण्याच्या नाना युक्त्या शिकते. घसा बसल्याचे सांगते, पुस्तक घरी राहिल्याचे सांगते, किंवा शेजारच्याने वाचलेला उतारा कानाने टिपून तोच डोळे पुस्तकावर ठेवून म्हणून दाखविते. अशा पाठांतराच्या बळावर सातवीपर्यंत आलेले विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. ते बुद्धीने उणे नसतात. बाजारातला हिशेब त्यांच्याकडून कधी चुकत नाही.

हे दुखणे केवळ आमच्या मच्छे गावचे किंवा बेळगाव-निपाणी पट्ट्याचे आहे, असेही नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या विद्यार्थ्यांपैकी ६९.६ टक्केच विद्यार्थी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकले. २०१८ साली हे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. मधल्या काळात महामारीमुळे शाळांना कुलपे होती. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले बडोद्यास, इंदुरास किंवा हैदराबादेस अन्य माध्यमाच्या शाळांत जातात, त्यांच्या घरी तर मराठी बोलणे अस्खलित आणि मराठी वाचन मात्र अडखळते, हा अनुभव नित्याचाच असेल.

अशा वेळी सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे पुन्हा बाराखडी. तेरा वर्षांच्या, मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक द्यायचे आणि 'कमल, नमन' वाचून घ्यायचे. हा उपाय आम्हांस मान्य नाही. त्याने वाचन सुधारत नाही, आणि वर्गात उरलीसुरली मान होती तीही जाते.

तथापि अक्षरे खरोखरच पक्की आहेत काय, हे आधी एकांतात तपासून घ्यावे. (त्याआधी डोळे तपासून घ्यावेत, हे सांगावयास नको.) आपल्या लिप्यांत अक्षरज्ञानाचे काम पहिलीत आटोपत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनासंबंधी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे काम चौथीपर्यंत चालू राहते असे आढळले. देवनागरीची गोष्ट निराळी नाही. बहुधा जोडाक्षरे कच्ची असतात आणि त्यांतही रफार. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो, पण त्याची खूण 'य'च्या डोक्यावर बसते. कन्नडमध्ये तीच खूण 'य'च्या पुढे लिहितात. म्हणजे दोन्ही लिप्यांत उच्चार आधी आणि खूण मागाहून. आमच्याकडची मुले दोन्ही लिप्या शिकतात. त्यांना ही गंमत एकदा समोरासमोर मांडून दाखविली की दोन्हीकडचा गोंधळ बराचसा निवळतो.

पण पुष्कळांची अडचण याच्या पुढची असते. सुटे अक्षर येते, लहान शब्द येतो. लांब शब्द समोर आला की धाप लागते. समाजविज्ञानाच्या पुस्तकात 'स्वातंत्र्यसैनिकांच्या' असा शब्द येतो. मूल 'स्वा... तं... त्र्य...' असे एकेक पायरी चढत जाते आणि 'च्या'पाशी पोहोचेतो 'स्वा' विसरलेले असते. येथे शब्द अक्षरांत न तोडता त्याच्या सांध्यांवर उकलून दाखवावा लागतो. शेवटचा 'च्या' बाजूस काढला, 'सैनिकां'तून मूळ 'सैनिक' ओळखला, आणि 'स्वातंत्र्य' व 'सैनिक' हे दोन शब्द एकमेकांशेजारी उभे केले, की सात अक्षरांचा डोंगर तीन तुकड्यांवर येतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे रूप पालटते. 'रस्ता'चे 'रस्त्या' होते, 'भाऊ'चे 'भावा' होते. बोलताना मूल हे सारे बिनचूक करते. आपण तोंडाने जे करतो तेच कागदावर पसरलेले आहे, एवढे त्याला दाखविण्याची खोटी असते.

यापुढे शब्दांची घराणी घ्यावीत. मच्छे येथे औद्योगिक वसाहत असल्याने 'औद्योगिक' हा शब्द आमच्या मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा. तो फळ्यावर लिहून 'उद्योग' शेजारी लिहावा. मग 'इतिहास'चे 'ऐतिहासिक', 'भूगोल'चे 'भौगोलिक', 'दिन'चे 'दैनिक', 'सेना'चे 'सैनिक'. शेवटी 'इक' आला की पहिला स्वर फुगतो, हा नियम आम्ही सांगत नाही. चार-पाच जोड्यांनंतर मुलेच तो सांगतात. मग शाळेच्या पाटीवरील 'प्राथमिक'मध्ये 'प्रथम' दडलेला त्यांना आपोआप दिसतो.

पाटीवरील 'सरकारी'ही आम्ही सोडत नाही. 'सरकार' हा फारसीतून आलेला शब्द. 'सर' म्हणजे डोके किंवा प्रमुख, 'कार' म्हणजे काम. तोच 'सर' सरदारात आहे, सरपंचात आहे. तोच 'कार' कारकुनात आणि कारखान्यात आहे. तेथून 'खाना' घेतला की दवाखाना, छापखाना. फारसी 'कार' आणि संस्कृत 'कृ' धातूवरून आलेले आपले 'कार्य' यांचेही मूळ एकच, हे कळले म्हणजे वर्गात क्षणभर शांतता पसरते. एकदा एका विद्यार्थ्याने हात वर करून म्हटले, "सर, मग सरबतात पण सर आहे की!" वर्ग हसला. आम्हांस मात्र हा प्रश्न मोलाचा वाटला. तुकडा दिसायला सारखा असून भागत नाही, अर्थही जुळावा लागतो. सरबतात प्रमुख कोणी नाही. तो अरबीतील पिण्याच्या धातूपासून आलेला शब्द, शराबेचा सख्खा भाऊ. आणि ज्या 'सर'ला तो मुलगा हाक मारीत होता, तो तर इंग्रजी!

गावांच्या नावांबाबत ही सावधगिरी दुप्पट हवी. कानाला गोड लागणारी व्युत्पत्ती पुष्कळदा फसवी असते. मात्र बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, वेणू म्हणजे बांबू, हे सांगण्याजोगे आहे. 'ग्राम'चे 'गाव' होते तसे 'नाम'चे 'नाव' होते. हा 'म'चा 'व' एकदा हाती लागला की 'कोमल'मधून कोवळा, 'श्यामल'मधून सावळा, 'आमलक'मधून आवळा आणि 'जामातृ'मधून जावई निघतो. जावयापर्यंत आल्यावर मुली फार खूश होतात.

सीमाभागातील मुलांवर दोन भाषांचे ओझे आहे, असे नेहमी म्हटले जाते. ते ओझे आहे, यात शंका नाही. परंतु शब्दाभ्यासात त्याच ओझ्याचे भांडवल होते. आमच्याकडील मराठी शाळेच्या कन्नड पाटीवर 'सरकारी हिरिय प्राथमिक मराठी शाले' असे असते. पाच शब्दांपैकी एकटा 'हिरिय' नवा, आणि त्याचा अर्थ मोठा, वरिष्ठ. मराठीत 'मुख्याध्यापक', कन्नडमध्ये 'मुख्योपाध्याय'. एकात 'मुख्य' व 'अध्यापक' यांचा संधी, दुसऱ्यात 'मुख्य' व 'उपाध्याय' यांचा. व्याकरणाच्या पुस्तकातील संधीचे पान ज्याला कधी उमगले नाही, त्याला तो येथे उमगतो. गावाजवळच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या परिसराचे नाव 'ज्ञानसंगम'. हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांचे, उच्चारात मात्र 'ज्ञ' वेगळा. घरात शिरावे तर आजीच्या पानाच्या डब्यातील अडकित्ता निघतो. कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी, हे कळले की त्या अवजाराचे नाव कोठून आले ते निराळे सांगावे लागत नाही.

हे सारे रोज पंधरा मिनिटांहून अधिक चालवू नये. एक शब्द, त्याचे चार-सहा नातलग, आणि लगेच ज्या पाठात तो शब्द आहे तो पाठ वाचावयास घ्यावा. शब्द फळ्यावर सुटला पण परिच्छेदात पुन्हा अडला, तर काम अपुरे आहे असे समजावे. वाचनाची सवय वाचूनच लागते. शब्दाभ्यास तिची वाट मोकळी करतो इतकेच. बॉवर्स, किर्बी व डीकन या संशोधकांनी शब्दघटनेच्या अध्यापनासंबंधीचे अनेक अभ्यास २०१० साली एकत्र तपासले, तेव्हा त्याचा लाभ हुशार मुलांपेक्षा मागे पडलेल्यांना अधिक होतो असे त्यांना आढळले. ते अभ्यास बहुतांशी इंग्रजीचे आणि अन्य पाश्चात्त्य भाषांचे. परंतु आमच्या वर्गात आम्ही जे पाहतो त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो. मागे बसणारा मुलगा 'कृ'पासून 'आकृती, प्रकृती, विकृती, संस्कृती' अशी रांग स्वतः लावतो, तेव्हा पुढच्या बाकावरची मुले मागे वळून पाहतात. त्याला पहिलीचे पुस्तक देऊन हे घडले नसते.

घरी हे करू इच्छिणाऱ्यांनी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' मिळाल्यास जवळ ठेवावा. म्हणजे मनाने मुळे जोडण्याचा मोह आवरतो. पुस्तकच हवे असे नाही. परप्रांतातील मराठी घरातही लग्नपत्रिका येतच असतात. पुढची पत्रिका येईल तेव्हा ती मुलाकडून वाचून घ्यावी, आणि 'चि. सौ. कां.' या अक्षरांपाशी त्याला घाईने पुढे जाऊ देऊ नये. 'सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. 'सुंदर'चे 'सौंदर्य' तसे 'सुभग'चे 'सौभाग्य'. 'कांक्षा' म्हणजे इच्छा, तीच आकांक्षेत आणि महत्त्वाकांक्षेत. आणि शेवटी स्त्रीलिंगी 'इणी'. मग त्याच पत्रिकेच्या तळाशी 'आगमन' असेल. त्यातील 'आ' झाकून काय उरते, ते मुलालाच विचारावे.