पेट्रोलमध्ये पाणी, पाण्यात पेट्रोल

पेट्रोल पंपावरची सकाळ एका गजाने सुरू होते. पंपावरची पोरे त्याला ‘डिप रॉड’ म्हणतात. टोकाला पेस्टचे बोट फिरवायचे, गज जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत सोडायचा आणि वर ओढून पाहायचा. पेस्टचा रंग पालटला, तर टाकीत पाणी शिरले. मग विक्री बंद. पेट्रोलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून ही रोजची दक्षता. आणि पाण्यात पेट्रोल जाऊ नये म्हणून? साठ्याच्या वहीत थोडी घट दिसते, ती बाष्पीभवनाच्या नावावर खपते. गंजलेल्या टाकीतून, पाइपच्या सैल सांध्यातून थेंबथेंब गळणारे पेट्रोल याच घटीत वर्षानुवर्षे लपू शकते.

पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तवंगासारखे पसरते. त्यातले बेंझिन मात्र पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर चालू लागते. बेंझिनने कर्करोग होतो, यात शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम ठरवली आहे; एकट्या बेंझिनचा वास पाण्याला यायला मात्र लिटरमागे सुमारे १० मिलीग्रॅम लागतात. म्हणजे हजारपट. नाकावरचा भरवसा इथे कामाचा नाही. त्यात महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश भूमी बेसाल्टची. या खडकात पाणी सरसकट झिरपत नाही, भेगांमधून वाट काढते. पंपाला खेटून असलेली विहीर स्वच्छ आणि चार घरे सोडून असलेली बोअर नासलेली, असे होऊ शकते.

ही भीती कल्पनेतली नाही. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली रहिवाशांच्या बोअरमधून तेल येऊ लागले. वस्तीखालच्या तेलवाहिनीला गळती होती; प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. त्याआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचे जवळपास निम्मे पाणी गेले. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलेले एमटीबीई हे रसायन गळक्या टाक्यांतून भूजलात उतरले होते. आपल्या पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल एमटीबीईइतके चिवट नाही. पण जमिनीतले जीवाणू आधी त्याचा फडशा पाडतात, तिथला प्राणवायू संपवतात आणि बेंझिन तसेच पुढे सरकते. उसाच्या राज्याला हे ठाऊक असलेले बरे.

पेट्रोल साठवायला परवाना देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिची नजर प्रामुख्याने आगीवर आणि स्फोटावर. ते योग्यही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये, वस्ती यांच्यापासून ५० मीटर अंतराचा नियम आणला. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची, प्राथमिक तपास ९० दिवसांत आटोपायचा, खर्च दूषित करणाऱ्याने सोसायचा. कागद चोख आहे. पण हे नियम आले तेव्हा देशात नोंदलेल्या १०३ दूषित जागांपैकी जेमतेम सात ठिकाणी सफाई सुरू झाली होती. आणि जी जागा संशयाच्या यादीतच येत नाही, तिचे काय?

मुंबई-पुण्यात जुना पंप, गॅरेज किंवा डेपो हटतो आणि तिथे टॉवर उभा राहतो. व्यवहाराआधी वकील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात, मालकीची एकेक कडी तपासतात. जमिनीखाली काय मुरले आहे, हे कोणी विचारत नाही. मग तळघरासाठी खड्डा खणला जातो, त्यात साठणारे पाणी पंपाने उपसून गटारात सोडले जाते आणि त्या ओढीने आजूबाजूचे दूषित पाणीही खड्ड्याकडे खेचले जाते.

वास्तविक तपास अवघड नाही. किमान तीन बोअर लागतात, कारण पाण्याचा उतार कोणीकडे आहे हे तीन बिंदूंशिवाय ठरत नाही. आपल्या खडकात याहून जास्त लागतील आणि त्यांच्या जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने ठरवाव्यात, बिल्डरच्या माणसाने नव्हे. नमुना घेणाराही जाणता हवा. बोटभर काचेची कुपी काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावून उलटी धरायची. आत हवेचा बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निसटते. पुढे बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. टॉवरच्या खर्चात हे पैसे दिसणारही नाहीत.

म्हणून इंधन साठवलेल्या कोणत्याही व्यापारी जागेची विक्री किंवा तिथली बांधकाम परवानगी भूजलाच्या अशा तपासाच्या अहवालाशिवाय होऊ नये. पाणी दूषित निघाले, तर तसे सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नोंदवावे. बँकेचे कर्ज ‘इतर हक्का’त बोजा म्हणून चढते आणि फेडल्याशिवाय उतरत नाही. जमिनीखालच्या पेट्रोलचाही असाच बोजा चढवा. तो उतरवायला पैशाची पावती चालणार नाही. त्याच बोअरचे स्वच्छ पाणी दाखवावे लागेल.