मोत्याला बाहेरचा रस्ता

बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे. कुत्र्याचा म्हणून घरोघर पाळावा असा दिवस मात्र आपल्याकडे नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री असतात आणि भाविक त्यांना चार वेद मानतात, हे माहूरच्या वाटेवर राहणाऱ्या यवतमाळकरांना सांगायला नकोच. पण तो मान तसबिरीतल्या कुत्र्यांचा! शेजारच्या नेपाळात नरक चतुर्दशीच्या सुमारास कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडाधोडाचे खाऊ घालतात. आपल्याकडे त्याच दिवशी तो बिचारा सुतळी बाँबच्या धास्तीने कुणाच्या तरी स्कूटरखाली अंग चोरून बसलेला असतो.

आणि पिल्लांचा मोसम नेमका याच सुमारास सुरू होतो. पावसाळा सरता सरता रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जोड्या जुळतात आणि पुढे हिवाळाभर गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. यवतमाळच्या दारव्हा रोडवर म्हणा, वणीला म्हणा, पुसदला म्हणा, एखादे चिरंजीव सदऱ्याखाली काहीतरी लपवून घरात शिरतात. आजी म्हणते, "काय आणलं रे बाप्पा हे!" आई कमरेवर हात ठेवते, आणि संध्याकाळपर्यंत त्या 'काहीतरी'चे नाव मोत्या ठरते. पहिले दोन दिवस कौतुकाचे. तिसऱ्या दिवशी बैठकीत तळे, चौथ्या दिवशी थेट देवघरापाशी. पाचव्या दिवशी वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणतात, "हे ध्यान उद्या बाजारात नेऊन सोडा."

बाजारात सोडणे, हे म्हणायला सोपे आहे. कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेतील संशोधकांनी बंगालमध्ये रस्त्यावरच्या साडेतीनशेंहून अधिक पिल्लांवर नजर ठेवली होती. २०१६ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शंभरातली जेमतेम १९ पिल्ले सातव्या महिन्यापर्यंत पोचली, आणि जी गेली त्यांतली निम्म्याहून अधिक माणसांमुळे गेली. ही तर रस्त्यावरच जन्मलेल्या आणि रस्त्यावरच वाढलेल्या पिल्लांची गोष्ट. दोन महिने घरची पोळी खाल्लेल्या मोत्याला मोटार कशी चुकवावी आणि दुसऱ्याच्या गल्लीत शेपूट कशी घालावी, हेही ठाऊक नसते. कायद्याचे म्हणाल तर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा झाला. उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाविना सोडून देणे, हा त्यात गुन्हा आहे. फरशीवरचे तळे हे काही सबळ कारण नव्हे, असे आमचे मत आहे.

कारण कुत्र्याची जात मुळात घाणेरडी नाही. पहिले तीन आठवडे आई पिल्लांना चाटून चाटून मोकळे करते आणि सगळे स्वतःच साफ करते. पाय फुटले की पिल्ले आपली जागा सोडून थोडे दूर जाऊन विधी उरकू लागतात. अमेरिकेतल्या बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्यातले निरीक्षण असे, की साधारण आठ-नऊ आठवड्यांचे पिल्लू ठरावीक जागा पसंत करू लागते. म्हणून त्याला आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, आणि घरात आणल्यावर पहिल्या दिवसापासून जागा दाखवावी.

मग बैठकीत तळे का? अहो, मोत्याच्या लेखी 'घर' म्हणजे कोपऱ्यातले त्याचे गोणपाट. बाकीची बैठक हे त्याला समता मैदानच वाटते! गोणपाट कोरडे ठेवून तो मैदानावर जातो, म्हणजे आईने शिकवलेला धडा तो चोख पाळतो. घराची हद्द गोणपाटापासून उंबऱ्यापर्यंत वाढवून देणे, एवढेच आपले काम.

ते काम घड्याळाचे आहे. पिल्लाला लागते ती झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर थोड्या वेळात, खेळून दमल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी. वयाचे जितके महिने त्यात एक मिळवावा, तितके तास ते फार तर कळ काढू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांहून अधिक अपेक्षा करणे म्हणजे बालवाडीतल्या मुलाला मॅट्रिकचा पेपर देण्यासारखे. रात्रीही एकदा उठावे लागते. कोण उठणार, हे आधी ठरवा. ज्याने सदऱ्याखाली आणले त्याने, हे न्यायाला धरून असले तरी प्रत्यक्षात आईच उठते, आणि खरा बिघाड तिथे होतो. चार जणांत पाळ्या लावून कागद स्वयंपाकघराच्या दारावर डकवावा.

दार एकच, जागा एकच, शब्दही एकच. 'चल बाहेर' म्हणायचे तर सगळ्यांनी तेच म्हणायचे. परसात कडुनिंब असेल तर त्याच्याखालची माती उत्तम, कारण रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाच्या पायांना माती ओळखीची असते. फ्लॅटवाल्यांनी गच्चीत मातीचा पसरट ट्रे ठेवावा. पहिल्या दिवशी ओले झालेले फडके तिथे टाकावे, म्हणजे वासाने खूण पटते. काम झाले की त्याच क्षणी, घरात परतल्यावर नव्हे, पाठ थोपटावी आणि भाकरीचा तुकडा द्यावा.

आता मारण्याविषयी. तळ्यात नाक घासायचे आणि वर दोन चापट्या द्यायच्या, हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि पिढ्यान् पिढ्या तो फसला आहे. पिल्लू त्यातून शिकते ते एवढेच, की माणसासमोर करणे धोक्याचे. मग ते पलंगाखाली करते, आणि बाहेर नेले तरी तुमच्यादेखत करत नाही. "पण त्याला चूक कळते हो, बघा कसं तोंड पाडून बसलंय!" असे आजी म्हणतील. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासले. कुत्र्याचा अपराधी चेहरा त्याच्या अपराधावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. काही न केलेली कुत्रीही बोलणी बसताच तोंड पाडत. करताना सापडले तर फक्त टाळी वाजवून बाहेर न्यावे. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसावे.

पुसायचेही शास्त्र आहे. आधी जुन्या कापडाने टिपून घ्यावे, मग पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे. अमोनियाचा वास असलेली औषधे टाळावीत, कारण तो वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो. फिनेलचा उग्र दर्प आपल्या नाकाचे समाधान करतो, त्याच्या नाकाला खालची खूण लागतेच. शिवाय फिनेल चाटले तर ते त्याला बाधते.

एक उपाय मात्र आमच्या वाचकांनी कधीही करू नये : पाणी तोडणे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा धरणाने तळ गाठला, तेव्हा पाण्याचे मोल काय ते यवतमाळ शहराने पाहिले आहे. 'कमी पाजले तर कमी करेल' हा हिशेब विदर्भातल्या मे महिन्यात जिवावर बेततो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववते, आणि त्याला पाणी लागते. मातीचे भांडे सदा भरलेले असावे. तळी पडली तर पडोत.

थोरल्या कुत्र्याला घरी आणलेत तर काम बहुधा लवकर होते, कारण ते अधिक वेळ कळ काढू शकते. भिंतींवर ठिकठिकाणी थेंब उडवणारा नर वेगळा. त्याची नसबंदी केल्याने पुष्कळदा फरक पडतो. आणि शिकलेले कुत्रे एकाएकी पुन्हा घरात करू लागले तर ते हट्टीपणा नसते, बहुधा दुखणे असते, पशुवैद्यांकडे न्यावे. त्यांच्याकडे एरवीही जायचेच आहे : जंताचे औषध, इतर लसी, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. खेळताना मुलांना दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. "आपलंच तर पिल्लू आहे" म्हणून थांबू नये.

बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांची होईपर्यंत उंबरा ओळखू लागतात. काहींना वर्ष लागते. मधेच दिवाळी आली की शिकवलेले सारे पुसले गेल्यासारखे वाटते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत त्याला बाहेर फिरवून आणावे, गळ्यात पट्टा असू द्यावा, आणि आतल्या खोलीत खिडक्या लावून गोणपाटाशेजारी घरातल्या कुणीतरी बसावे. भेदरून रात्री फरशी ओली झालीच तर फडके हाताशी ठेवा. पाडव्याला उजाडताच पुन्हा त्याच दाराने, त्याच कडुनिंबाखाली.