टाकी तयार आहे, हे कशावरून?

रविवारी कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून परतणारा, हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून लोकलच्या दारापासून दूर उभा राहिलेला माणूस ठाणे-डोंबिवलीकरांना अनोळखी नाही. पिशवीत गप्पी असतील तर फारशी चिंता नसते. आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश असेल, तर मात्र पिशवी बांधून घेण्याआधीच एका प्रश्नाचे उत्तर हाती हवे. घरची खाऱ्या पाण्याची टाकी खरोखर तयार आहे का?

नवी टाकी फसवी असते. लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, 26 अंश तापमान, आरशासारखे पाणी, एवढे दुसऱ्या दिवशीच जमून येते. जमलेली नसते ती डोळ्यांना न दिसणारी व्यवस्था. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्यातून नायट्रेट. हे जिवाणू दगडावर, वाळूत आणि फिल्टरमध्ये घर करतात. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 ते 8.3 असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी वाटा वाढतो. गोड्या पाण्यातला मासा कदाचित सोसेल ती चूक इथे जिवावर बेतते.

तरीही लवकर मासे सोडावेत म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. बाटलीतले जिवंत जिवाणू चांगले असतील तर काम आठवड्यांवरून दिवसांवर येते. मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर तो विरजणाचे काम करतो. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतके बाधत नाही, हेही खरे. त्यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा वेगळाच आहे. जिवाणूंनाही अन्न लागते. अमोनियाचा थेंबही न घालता महिनाभर नुसते पाणी फिरवत ठेवले, तर टाकी जुनी होते, तयार होत नाही. केवळ कॅलेंडरवर विसंबणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवे.

थांबा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. टेस्ट किट त्या दिवसाचे सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. उन्हात तापलेल्या गोदामातून आलेल्या बाटलीत किती जिवाणू जिवंत उरले, हे लेबलावरून कळत नाही. आकडे शून्यावर आल्यानंतरही टाकी बदलत राहते. आधी वाळूवर तपकिरी थर चढतो, मग काचेवर हिरवे शेवाळ येते, आणि दगडावर जांभळट चुनखडी शेवाळ धरायला तर महिने जातात. शिवाय बाजारातले बहुतेक सागरी मासे आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात. टाकी लवकर ‘चालू’ व्हावी म्हणून आधी एखादा काटक डॅमसेल मासा सोडायचा, तो जगला तर पुढचे आणायचे, ही जुनी रीत आम्हाला मान्य नाही. जिवंत मासा म्हणजे टेस्ट किट नव्हे.

त्याऐवजी बिनमाशाची परीक्षा घेता येते, आणि ती सोपी आहे. रिकाम्या टाकीत शुद्ध अमोनिया मोजून 2 पीपीएमपर्यंत घाला. चोवीस तासांनी काचेच्या नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्या, किटवर लिहिलेले थेंब सोडा, हलवा आणि सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून थांबा. मग नळी ट्यूबलाइटखाली न धरता खिडकीशी, पांढऱ्या कागदापुढे धरा. अमोनियाच्या बहुतेक किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य. त्यात हिरवटपणाची छटा आहे की नाही, असा प्रश्न पडला तर ती आहे असेच समजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले आणि नायट्रेट वाढलेले दिसले, म्हणजे टाकी एका दिवसाची घाण एका दिवसात पचवते आहे. मग बरेचसे पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचे.

पण ही परीक्षा प्रयोगशाळेची झाली. आपल्या शहरांची परीक्षा निराळी असते. दुरुस्तीसाठी दुपारभर वीज गेली की फिल्टर थांबतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बंद डब्याच्या फिल्टरमध्ये जिवाणू गुदमरतात. मे महिन्यात डोंबिवलीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरात पाणी सहज तिशी ओलांडते. पंखा लावून ते थंड करता येते, पण जून-जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि तोच पंखा निकामी ठरतो. उडालेल्या पाण्याबरोबर मीठ उडत नाही, म्हणून काचेवर खूण करून तेवढे गोडे पाणीच रोज भरावे लागते. नळाला पाणी उल्हास नदीचे येवो की बारवी धरणाचे, त्यात क्लोरीन असतेच आणि ते जिवाणूंना मारते. पिण्याच्या आरओचे पाणी वापरणाऱ्यांनी त्यातला टीडीएस कंट्रोलर कच्चे पाणी परत मिसळत नाही ना, हे पाहावे.

आणखी एक प्रश्न ‘रीफ टँक’, म्हणजे प्रवाळांची टाकी, या शब्दातच दडलेला आहे. टाकी तयार, पण कशासाठी? दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, समुद्रघोड्यालाही. हे जीव आपल्यापासून फार दूर नाहीत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती जपून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ज्या प्रवाळासाठी शहर एवढा खटाटोप करते, तो कोणी पिशवीतून विकायला आणला तर टाकी कितीही तयार असो, उत्तर नाही असेच असले पाहिजे. कृत्रिम दगड, गोगलगायी आणि संवर्धन केंद्रात वाढलेले मासे एवढ्यावरही सुंदर टाकी उभी राहते. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशात होते. ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही सागरी शोभिवंत माशांच्या बीजोत्पादनाचे काम झाले आहे. घेताना दुकानदाराला विचारा, हा मासा संवर्धनातला की समुद्रातला? असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली की दुकानातला माल बदलतो.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे. आठवडे मोजू नयेत आणि एका आकड्यावरही भुलू नये. अमोनियाची परीक्षा लागोपाठ दोनदा पार पडावी. त्यानंतर दोन आठवडे रोज चिमूटभर खाद्य टाकून क्षारता आणि तापमान वहीत लिहावे. त्या काळात एकदा मुद्दाम दोन तास मेन स्विच बंद करून बॅटरीवरचा एअर पंप चालतो का, ते पाहावे. वहीतले आकडे स्थिर राहिले तर आधी गोगलगायी आणि मग एकच मासा आणावा. दुसरा मासा तीन-चार आठवड्यांनी, कारण प्रत्येक नव्या माशाबरोबर जिवाणूंचे काम वाढते. समुद्रपुष्पासारख्या नाजूक जिवासाठी सहा महिने तरी थांबावे.

घरातली मुले रोज विचारतील, मासे कधी येणार? त्यांना नळी हातात द्या, थेंब मोजू द्या, वहीत आकडा लिहू द्या. रंग पिवळा राहिला की पुढचा रविवार कुर्ल्याचा.