ऑपरेशन झालं, पण दिसतंय का?

कुठल्याही नेत्रशिबिराचा अहवाल घ्या. आपल्या एनएसएस युनिटचा घ्या, एखाद्या गणेश मंडळाचा घ्या, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छापलेला घ्या. तीन आकडे हमखास सापडतील. किती जणांची तपासणी झाली, किती जणांना मोतीबिंदू निघाला आणि किती ऑपरेशनं मोफत झाली. खाली पाहुण्यांचे आभार, चहापाण्याची सोय करणाऱ्यांचे आभार आणि ग्रुप फोटो. चौथा आकडा मात्र कुठेच नसतो. ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जणांना आता नीट दिसतंय?

मित्रांनो, वर्कशॉपच्या जर्नलमध्ये आपण नुसतं “आज वीस जॉब काढले” असं लिहून बघावं. किती जॉब गेजमध्ये बसले आणि किती स्क्रॅपमध्ये गेले हे नसेल तर सर जर्नल तोंडावर परत करतात. मग लोखंडाच्या तुकड्याला जो नियम, तो माणसाच्या डोळ्याला का नको? या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

आधी थोडी माहिती. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. त्यावर थेंबांचं औषध नाही. गढूळ भिंग काढायचं आणि कृत्रिम बसवायचं, हाच उपाय. हे कृत्रिम भिंग आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं पारदर्शक प्लास्टिक फुटून त्याचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळा या तुकड्यांचा फारसा राग धरत नाही. त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी दात साफ करायच्या अल्ट्रासॉनिक उपकरणावरून कल्पना घेऊन मोतीबिंदू डोळ्यातच फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. तिलाच आपण ‘फेको’ म्हणतो. म्हणजे मटेरियल्स आणि अल्ट्रासॉनिक्स, दोन्ही आपल्याच सिलॅबसमधले! त्यामुळे “आपण इंजिनियर, डोळ्याशी आपला काय संबंध?” असं कट्ट्यावर कुणी म्हणू नये.

आता ‘नीट दिसणं’ मोजायचं कसं? डॉक्टर ६/१८, ६/६० असं लिहितात. ६/१८ म्हणजे चांगल्या डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येतं, ते या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एक साधा निकष ठरवला. रुग्ण रोज जसा वावरतो तसा, म्हणजे चष्मा असेल तर चष्म्यासह आणि नसेल तर तसाच, तपासायचा. किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसलं पाहिजे आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणारे डोळे ५ टक्क्यांच्या आत हवेत. हल्ली जागतिक पातळीवर हिशेब करताना ‘चांगलं’ची रेघ ६/१२ वर नेली आहे. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत देशांनी जे उद्दिष्ट मान्य केलं, त्यातही नुसती ऑपरेशनं मोजलेली नाहीत. गरज असलेल्यांपैकी किती जणांचं ऑपरेशन होऊन त्यांना खरोखर चांगलं दिसू लागलं, ते मोजायचं ठरलं आहे. म्हणजे आपल्या अहवालातला हरवलेला चौथा आकडा!

या चौथ्या आकड्याने काय कळतं याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. फेकोचं मशीन महाग. त्याला पर्याय म्हणजे हाताने करायची, लहान छेदाची, बिनटाक्याची पद्धत. तिला एसआयसीएस म्हणतात. अनेकांना वाटायचं (आणि अजूनही वाटतं) की मशीनचं ते खरं ऑपरेशन आणि हाताचं ते गरिबाचं. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी नुसता वाद घातला नाही. त्यांनी ४०० डोळ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली, म्हणजे सोप्या केसेस एकीकडे आणि अवघड दुसरीकडे अशी सोय कुणालाच उरली नाही. एका गटाला फेको, दुसऱ्याला एसआयसीएस. सहा आठवड्यांनी नजर मोजली आणि निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध केला. बिनचष्म्याने ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोमध्ये सुमारे ८१ टक्के आणि एसआयसीएसमध्ये सुमारे ७१ टक्के. म्हणजे फेको जिंकली? थांबा. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर दोन्हीकडे आकडा एकच आला : ९८.४ टक्के!

हा निकाल मी वाचला तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो चष्म्याचा. लाखोंच्या मशीनने जो दहा टक्क्यांचा फरक पाडला, तो साध्या चष्म्याने भरून निघाला. कारणही समजण्यासारखं आहे. एसआयसीएसमध्ये छेद मोठा असतो, त्यामुळे बुबुळाच्या गोलाईत थोडा फरक पडतो आणि तिरका नंबर येतो. शिवाय आत बसवायच्या भिंगाचा नंबर आधी गणिताने काढावा लागतो. एसआरके नावाचं एक जुनं सूत्र आहे : भिंगाच्या ठराविक स्थिरांकातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि बुबुळाच्या गोलाईची ०.९ पट वजा करायची. आता याहून सुधारित सूत्रं वापरतात, पण यावरून अंदाज येतो. डोळ्याची लांबी मोजण्यात फक्त एक मिलिमीटर चूक झाली की भिंगाचा नंबर अडीचने चुकतो. व्हर्नियरवर एक मिलिमीटर म्हणजे आपल्याला किस झाड की पत्ती वाटते!

जखम भरून नंबर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. म्हणूनच सहा आठवड्यांनंतरची तपासणी आणि चष्मा हा ऑपरेशनचाच शेवटचा भाग आहे. आणि आपल्याकडे नेमका तोच गळतो. आता गावात फक्त तपासणी होते, ऑपरेशनसाठी गाडीने शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नेतात आणि परत आणून सोडतात. पण सहा आठवड्यांनी गाडी येत नाही. तेव्हा पेरणी असते, नाहीतर सोबत यायला कुणी नसतं, नाहीतर एसटीला पैसे नसतात.

गेल्या वर्षी आपल्या दत्तक गावात श्रमदानाला गेलो होतो. शिबिरातून ऑपरेशन झालेल्या एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. “आजी, डोळा कसा आहे?” विचारलं. म्हणाल्या, “बरा हाय की बाळा. उजेड कळतो, मानूस कळतं.” आणि तांदूळ निवडायला सुनेकडे दिले. अहवालात त्या आजी ‘यशस्वी’मध्ये मोजलेल्या आहेत. त्यांची तक्रार नाही, कारण आधी काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यात दुसरा काही दोष आहे की फक्त चष्मा हवा आहे, हे कुणालाच माहीत नाही, कारण कुणी मोजलंच नाही.

ही एका गावची गोष्ट नाही. मोतीबिंदूच्या कामात आपल्या देशाने मोठी मजल मारली आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोठा प्रकल्प झाला आणि तंबूतल्या ऑपरेशनांकडून हॉस्पिटलातल्या, भिंग बसवण्याच्या ऑपरेशनांकडे गाडी वळली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगं देशातच बनवून त्यांची किंमत आवाक्यात आणली. पण २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाची कारणं शोधली, तेव्हा पहिलं कारण न काढलेला मोतीबिंदू (सुमारे ६६ टक्के) निघालं आणि सुमारे ७ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीमुळे आलेलं निघालं. म्हणजे ज्यांचं नाव कुठल्यातरी अहवालात ‘ऑपरेशन झाले’ या रकान्यात आहे, असे लोक अंधांच्या यादीतही आहेत!

२०११ मध्ये छत्तीसगडमध्ये बालोदला, २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूरला शिबिरांनंतर लोकांची दृष्टी गेली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. अशा घटना एकदम घडतात म्हणून दिसतात. पण विखुरलेलं अपयश, या गावात एक, त्या गावात दोन, ते पेपरात येत नाही. ते फक्त मोजणाऱ्यालाच सापडतं.

मोजण्याची ताकद किती असते ते पहा. ऑपरेशननंतर डोळ्यात जंतुसंसर्ग होणं ही सगळ्यात मोठी भीती, पण ते फार क्वचित होतं. शंभर ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरला कदाचित एकही दिसणार नाही. मग प्रतिबंधक औषध उपयोगी आहे की नाही, हे अनुभवावरून कळणार कसं? युरोपात चिठ्ठ्या पद्धतीने झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडल्याचा स्पष्ट फायदा दिसला होता. अरविंदच्या रुग्णालयांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषध वापरण्याआधीच्या सुमारे ३ लाख आणि वापरू लागल्यानंतरच्या सुमारे ३ लाख ऑपरेशनांची स्वतःची नोंद तपासली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सातवरून दहा हजारांत दोनवर आलं होतं. ही किमया नोंदवहीची आहे. प्रत्येक डोळ्यामागे एक ओळ प्रामाणिकपणे लिहिली गेली, म्हणून सहा लाख ओळींनी उत्तर दिलं.

काही जण म्हणतील, हा डॉक्टरांवर अविश्वास झाला. मला उलट वाटतं. स्वतःचे आकडे उघड करणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास जास्त बसतो. काही जण म्हणतील, सहा आठवड्यांनी गावोगाव कोण फिरणार? यात तथ्य आहे, आणि संशोधकांनी त्याचाही विचार केला आहे. दहा देशांतल्या ४० हॉस्पिटलांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ऑपरेशननंतर लगेच मोजलेल्या नजरेवरूनही हॉस्पिटलच्या कामाचा दर्जा बऱ्यापैकी ओळखता येतो. पण त्याने हॉस्पिटलला मार्क मिळतील, आजींना चष्मा मिळणार नाही. त्यासाठी कुणीतरी गेलंच पाहिजे.

तर हे कुणीतरी म्हणजे आपण का नाही? यंदाच्या एनएसएस शिबिरासाठी माझी सूचना अशी आहे. ज्यांची ऑपरेशनं होतील त्यांची यादी त्यांच्या संमतीने आपल्याकडे ठेवायची. सहा आठवड्यांनंतरच्या एका रविवारी दहा-बारा जणांनी गावात जायचं. सामान काय? ‘ई’ अक्षराचा तक्ता, ६ मीटरची दोरी, आणि जाड पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून केलेला पिनहोल. एक डोळा झाकून दुसऱ्याने ‘ई’चे पाय कुठल्या दिशेला आहेत ते बोटाने दाखवायचं. वाचता यायची गरज नाही. कमी दिसत असेल तर पिनहोलमधून बघायला सांगायचं. त्यातून सुधारलं तर बहुतेक चष्म्याचं काम, नाही सुधारलं तर डॉक्टरांनी पाहायलाच हवं. निदान करायचं आपण नाही, फक्त मोजायचं. पण डोळा लाल असेल किंवा दुखत असेल तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ नको, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. आणि चष्म्याच्या तपासणीसाठी एक जीप. होस्टेलच्या एका ब्लॉकने एका महिन्याची फीस्ट सोडली तर जीपचं भाडं आणि बरेचसे चष्मेही निघतील. (मेस सेक्रेटरींनी रागावू नये!)

रेक्टर सर आणि एनएसएसचे प्राध्यापक हे वाचत असतील तर त्यांना विनंती, की पुढच्या अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवावा : ‘सहा आठवड्यांनी तपासले : __, पैकी ६/१८ किंवा अधिक चांगले : __, भेटू न शकलेले : __’. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. जे भेटले नाहीत त्यांना यशस्वीमध्ये धरायचं नाही. कुणाचंही नाव नोटीस बोर्डावर लावायचं नाही, फक्त आकडे.

कदाचित पहिल्या वर्षी आकडा वाईट येईल. ८० टक्क्यांच्या खालीही येईल. आला तर तसाच छापावा, याच मासिकात छापावा. सुरुवात त्या ओट्यावरच्या आजींपासून करू. त्यांच्या गावाला जाणारी एसटी सकाळी सातची आहे. कोण कोण येतंय?

– टी.ई. प्रॉडक्शन